पाणी न दिलेली पट्टी

रुखमाबाईनं मला एकदाच मारलं. भर दुपारी, गोमाई नदीच्या काठी, तिच्या नवऱ्याच्या हाताचं ड्रेसिंग मी बदलत असताना. चपराक अशी बसली की टोपी वाळूत गेली, हातातला कापूस भट्टीत पडून पेटला आणि डावा कान तीन दिवस गुणगुणत राहिला. मी शहाद्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर. तालुक्यात माझ्या अंगावर हात टाकायची कोणाची छाती नव्हती, कारण आज ना उद्या सुई माझ्याच हातून टोचून घ्यायची आहे हे सगळे ओळखून होते. रुखमाबाईला सुईचं भय नव्हतं. पण त्या चपराकीबद्दल मी तिला कधी बोल लावला नाही. ती मी माझ्या तोंडानं मागून घेतली होती.

गाडीवर संसार घालून गावोगाव फिरणाऱ्या लोहारांना आमच्याकडे घिसाडी म्हणतात. त्यांच्यात कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. नवरा ऐरणीपाशी बसून सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि लहान हातोडीनं जागा दाखवतो. बायको समोर उभी राहून त्या जागेवर घण घालते. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या बोटांपासून चार अंगुळांवर बायको पाच शेरांचं लोखंड आदळत असते. ज्यांच्या घरात कुरबुर आहे त्यांनी हा धंदा न केलेला बरा. रुखमाबाई आणि भिका यांच्यात कुरबुर नव्हती, उघड मारामारी होती. पण ती ऐरणीपासून दूर. भाकरी करपली, बैल सुटला, कोळसा ओला निघाला, कशावरूनही ती त्याला वहाण घेऊन वाळवंटात पळवायची आणि तो तिला लांबून दगड मारायचा. घण उचलला की दोघंही गप्प. वीस वर्षांत भिकाच्या नखालाही तिचा घण लागला नव्हता, हे तो मला अभिमानानं सांगायचा, आणि सांगताना कपाळावरचं टेंगूळ चोळायचा.

बाई दिसायला बुटकी, खांद्यांत रुंद. लुगड्याचा काचा गुडघ्यापर्यंत ओढलेला, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे काळे ठिपके, कानावर अर्धी बिडी. बिडी पेटवायला काडी वापरायची नाही. सांडशीनं निखारा उचलून ओठांपाशी न्यायची. नवऱ्याला 'डोकरा' म्हणायची, वास्तविक तो तिच्याहून पाचेक वर्षांनीच मोठा. बाकी सगळ्यांना 'तू'. आमच्या डॉक्टरांनाही 'तू'.

तिची माझी ओळख झाली ती तिच्या एका विचित्र सवयीमुळे. ती ज्याला मारायची त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन यायची. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आमचा दवाखाना एक तंबू लावत असे. तिथे एकदा ती एका घोडेवाल्याला मानगुटीला धरून घेऊन आली. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं नख उडालेलं, रक्त धुळीत मिसळून चिखल झालेला. "कंपाउंडर, याना पाय धू," ती म्हणाली. "घोडीना डोयावर मारे, म्हनीसन मी मारं." नाल ठोकताना घोडी हलत होती म्हणून हा गृहस्थ तिच्या डोळ्यांवर वेताची छडी ओढत होता. रुखमाबाईनं दोनदा सांगून पाहिलं आणि तिसऱ्यांदा नालेची हातोडी त्याच्या पायावर घातली. मी आयोडीन लावलं तेव्हा तो किंचाळला. तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला आणि मला म्हणाली, नीट लाव, कोपरे राहिलेत.

आणि ही बाई आपपरभाव न करणारी होती. डोंगरातला एक माणूस तीन दिवस चालत आला आणि म्हणाला, तुझ्या कुऱ्हाडीची धार मुडपली. तिनं पातं पाहिलं, त्यावर दगडाचे ओरखडे दिसले. कुऱ्हाडीनं दगड फोडतोस आणि मला नाव ठेवतोस, म्हणून तिनं त्याचं डोकं कुंडीतल्या पाण्यात दाबून धरलं. भिकानं सोडवला नसता तर तो माझ्याकडे यायच्याही पलीकडे गेला असता. पण पुढच्याच आठवड्यात एका बाईचा विळा खरोखरच कच्चा निघाला. तो तिनं मांडीवर मोडला, दुसरा करून दिला आणि मग ऐरणीवर स्वतःचं कपाळ दोनदा आपटलं. त्या दिवशी ती स्वतःलाच घेऊन दवाखान्यात आली. मी टाके घातले.

तिचा सगळा जीव होता पाण्यात. तापलेलं पातं नेमक्या क्षणी पाण्यात बुडवून त्याला कडकपणा आणायचा, याला लोहार पाणी देणं म्हणतात. हे काम ती भिकालाही करू देत नसे. त्या वेळी कोणी बोललं तर निखारा फेकून मारायची. तिच्या भट्टीतून पाणी दिल्याशिवाय वस्तू बाहेर पडत नसे. मग ती कुऱ्हाड असो की चिमटा. माझ्या बायकोनं हौसेनं तिच्याकडून उलथनं करून घेतलं. महिन्याभरात त्या उलथन्यानं आमचा तवा खरवडून पातळ केला. मी तक्रार केली तेव्हा रुखमाबाई खूष झाली. तवा मऊ असेल, म्हणाली. चूक आपली असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

आता मुकादमाविषयी सांगायला हवं. डोंगरातलं लाकूड तोडणाऱ्या एका ठेकेदाराचा हा मुकादम, नाव दौलत. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपत आली होती. ठेकेदार लष्कराला लाकूड पुरवी आणि त्या ओळखीत त्यानं एक लष्करी फटफटी मिळवून मुकादमाला दिली होती. हा दौलत फटफटीवर बसून जंगलात कामावर जायचा आणि हातात जुन्या चेनचा तुकडा ठेवायचा, मुठीला चामडं गुंडाळलेला. त्याच्या मजुरांच्या पाठी मी धुतल्या आहेत. वेताचा वळ लांब उठतो, चेनचा तुटक उठतो, मधे मधे चौकोनी मांस निघालेलं असतं. कशानं लागलं विचारलं की ते म्हणत, पडलो. मी वहीत 'पडला' असं लिहायचो. लिहिताना माझा हात थांबत नसे, हे आज लिहिताना मला लाज वाटते.

फाल्गुनात दौलतची फटफटी गोमाईच्या काठी येऊन थांबली. त्या गाडीत इंजिन पुढे आणि गिअरची पेटी मागे, आणि दोघांना जोडणारी एक आखूड चेन डाव्या बाजूला तेलाच्या बंद डब्यात फिरते. चेन वापरून लांबते, सैल पडते, फटके मारू लागते. ती ताठ राहावी म्हणून खालून एक वाकडी लोखंडी पट्टी तिला टेकवून धरलेली असते. खालचा बोल्ट फिरवला की पट्टी वर चढते. ती पट्टी मोडली होती.

"ए लोहारीन," दौलत म्हणाला, "हाई पट्टी मोडनी. मुंबईथीन येत नही. नवी कर."

रुखमाबाईनं तुकडे हातात घेतले, वास घेतला, ऐरणीवर टाकून आवाज ऐकला. "हाई कसाले ऱ्हास?" तिनं विचारलं. भिकानं डब्यात डोकावून सांगितलं. मग दोघांनी मोटारीच्या जुन्या स्प्रिंगच्या कमानीचं पोलाद घेऊन दिवसभर खपून पट्टी घडवली, आणि रुखमाबाईनं तिला असं पाणी दिलं की कानस लावली तर कानस घसरत होती. मी तिथे होतो. इतकी सुबक वस्तू त्या भट्टीत मी पाहिली नव्हती, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

बारा दिवसांनी डोंगराच्या चढणीवर चेन तुटली. तुटलेलं टोक डबा फोडून बाहेर आलं, दौलतच्या पोटरीचं मांस घेऊन गेलं आणि तो फटफटीसकट दरडीवर आपटला. मजुरांनी त्याला झोळीत घालून आणला. पोटरीला मी अकरा टाके घातले. पाय वाचला. चालता येऊ लागल्याबरोबर तो दोन माणसं घेऊन नदीवर गेला.

रुखमाबाई त्या वेळी कोळसे आणायला गावात गेली होती. दौलतनं विचारलं, पट्टी कोणी केली. भिका म्हणाला, "मी करी." पाणी तिनं दिलं होतं, पण तो तेवढंच म्हणाला. दोघा माणसांनी त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि दौलतनं तुटकी चेन दुहेरी करून त्यावर मारायला सुरुवात केली. किती मारलं ते भिकाला सांगता आलं नाही. दमल्यावर त्यानं चेन तिथेच टाकली.

रुखमाबाई परतली आणि त्याला खांद्यावर घालून दवाखान्यात आली. डॉक्टरांनी हात पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं काढावी लागली. क्लोरोफॉर्म मी धरला, डोकं तिनं धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दातांत लुगड्याचा पदर होता आणि तो तिनं चावून फाडला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, अंगठा गेला म्हणजे सांडशी गेली. मी हो म्हणालो. पोलिसानं येऊन लिहून नेलं की लोहाराचा हात कामात ऐरणीवर चिरडला. भिकानं खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी मी ड्रेसिंगला गेलो तेव्हा ती वाळूत मांडी घालून बसली होती. पुढ्यात तुटकी चेन आणि फुटक्या डब्यातून काढून आणलेली तिची पट्टी. पट्टीवर ओरखडा नव्हता, परवा घडवल्यासारखी चकाकत होती. चेनच्या कड्या मात्र एका बाजूनं अर्ध्या खाल्लेल्या. तिनं एक एक कडी नखानं तपासली. मग म्हणाली, "पट्टी जशीनी तशी. मन्हा पानीनी चेन खादी."

"चूक दोन्हीस्नी," भिका पडल्या पडल्या म्हणाला.

"पानी मी दिधं," ती म्हणाली. ज्या कडकपणासाठी लोक तीन दिवस चालत येत, तोच इथे चुकला होता. चेन तोडायची नाही, नुसती आवरून धरायची, तर पट्टी चेनपेक्षा मऊ हवी. एवढी साधी गोष्ट आयुष्यभर कुऱ्हाडी घडवणाऱ्या माणसाच्या ध्यानात येणं कठीण होतं. आणि त्या चुकीची शिक्षा नवऱ्यानं आपल्या नावावर घेतली होती. मला वाटलं, आता ही ऐरणीवर कपाळ फोडणार. तिनं फोडलं नाही.

त्याच आठवड्यात दौलतचा निरोप आला. नवी चेन मिळाली आहे, डबा सांधून घेतला आहे. पट्टी पुन्हा कर, रविवारी येतो. नाही केली तर गाड्या पेटवीन. निरोप्या गेला. भिकानं बायकोकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. मी ड्रेसिंग सोडत होतो. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी म्हणालो, "रुखमाबाई, पहिल्यासारखीच करा. पाणी दिलेली. या खेपेला चढणीवर काय व्हायचं ते होईल. कोणाला कळायचं नाही."

तेव्हा ती चपराक बसली.

"लोखंडले खोटं बोलाले सांगस का?" ती म्हणाली. ओरडली नाही, साध्या आवाजात म्हणाली. "मुकादमले मारनं व्हई त मी मारसू, मन्हा हात शेतस. आन चढनवर त्याना मांगे कोन बठेल ऱ्हाई, तुले ठाऊक शे का?"

मला ठाऊक नव्हतं. दौलत कधी कधी मजुरांच्या पोरीबाळींना कामावर नेताना मागे बसवतो हे मी विसरलो होतो. मी टोपी उचलली, वाळू झटकली आणि राहिलेलं ड्रेसिंग पुरं केलं. कान गुणगुणत होता आणि तोंड वर करवत नव्हतं.

मग तिनं पट्टी निवडायला घेतली, आणि तशी निवड नंतर बायको शोधतानाही कोणी केलेली मी पाहिली नाही. धार लावायच्या दगडी चाकाला तिनं तीच तुटकी चेन, न झिजलेली बाजू पट्टीकडे करून, सांधून फेर केला, खालून पट्टी टेकवली, वरून तेल सोडलं आणि रस्त्यावर धूळ असते म्हणून तेलात नदीची वाळू टाकली. चाक ती फिरवायची, दमली की भिका डाव्या हातानं. नंदुरबारच्या एका दुकानदारानं जुनी विलायती पट्टी दाखवायला पाठवली होती. ती तिनं हातानं वाकवून पाहिली तर मधेच चीर गेली. घेऊन आलेल्या माणसाच्या अंगावर तिनं ती फेकली. मग पाणी न दिलेलं मऊ लोखंड लावलं. चेन शाबूत राहिली, पण दिवस मावळायच्या आत पट्टीला नखभर खोल घळ पडली. फुटक्या घागरीचं पितळ रिबिटानं बसवलं. पितळ चांगलं चाललं आणि दुसऱ्या दिवशी पत्रा सुटून चेनमध्ये गेला. चाक जागच्या जागी अडकलं आणि भिकाच्या खांद्याला हिसका बसला. "मानूस गया व्हता," ती म्हणाली आणि पितळ नदीत भिरकावलं. तिचं म्हणणं एकच, "चेन बी ऱ्हायनी पायजे, पट्टी बी ऱ्हायनी पायजे."

शुक्रवारी ती लोणखेड्याला कोळसा पाहायला गेली आणि तिला एका तेल्याच्या चुलीत लाकूड जळताना दिसलं. ते लाकूड जळताना चरचरत होतं आणि त्यातून तेल गळत होतं. मोडक्या तेलघाण्याची लाट होती ती, घाण्याच्या उखळात फिरणारा खांब, चाळीस-पन्नास वर्षं तेलात भिजलेलं बाभळीचं लाकूड. रुखमाबाईनं विचारलं वगैरे काही नाही. चुलीत हात घालून जळता ओंडका ओढून काढला. तेलीण फुंकणी घेऊन उठली. दोघींनी एकमेकींचे केस धरले, चुलीवरची डाळ दोघींच्या पायांवर गेली. शेवटी दोघी माझ्याकडे आल्या, रुखमाबाईच्या भिवईवर फुंकणीची खोक आणि तेलिणीच्या पायाला फोड. "हिना पाय पहिले देख," ती म्हणाली. ओंडका तिनं काखेत धरलेला होता, त्यातून अजून धूर येत होता.

पाठीला मऊ लोखंड, तोंडाला ते लाकूड. दीड दिवस ती पट्टी चाकावर चालली. वाळू टाकली, तेल कमी केलं, चाक उलटंही फिरवलं. लाकडाला केसाएवढी घळ पडली, ती गुळगुळीत झाली आणि तिथेच थांबली. चेन हाताला थंड लागत होती. रुखमाबाईनं कानावरची बिडी काढून पेटवली. त्या आठवड्यातली ती पहिलीच.

रविवारी दौलत आला. मी ड्रेसिंगला गेलेलो होतो आणि उठून जावंसं वाटत असूनही गेलो नाही. तिनं स्वतः पट्टी बसवली, बोल्ट बोटानं घोळवत चढवला, चेन वरखाली हलवून पाहिली. "जाय," तिनं सांगितलं. "चढन चढीसन ये. दोन येळा."

तो हसला, पण गेला. तासाभरानं परत आला. तिनं डब्याला हात लावला, उघडला, पट्टीवरून बोट फिरवलं, बंद केला, सगळे स्क्रू आवळले.

"वाजस का?"

"नही."

"झटका देस का?"

"नही. बरी व्हयनी, लोहारीन." त्यानं बिडी काढली आणि निखारा घ्यायला वाकला. वाकताना उजवा हात ऐरणीवर टेकवला.

रुखमाबाईनं हात पुसले. "पट्टीना हिसाब व्हयना," ती म्हणाली. "आते हातना." त्यानं मान वर केली, तोवर घण खाली येत होता.

एकदाच मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी धंद्यात बरेचदा ऐकला आहे, पण ऐरणीवर तो वेगळा येतो. लोखंड वाजतं आणि त्याखाली काहीतरी ओलं चिरडतं. दौलतला ओरडायलाही वेळ लागला. तिनं घण नीट गाडीला टेकवून ठेवला, त्याच्या मानगुटीला धरलं आणि त्याला बाजारातून चालवत दवाखान्यात आणलं. तो वाटेत दोनदा कोसळला, दोन्ही वेळा तिनं उचलला. लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहत होते आणि डोंगरातले बाजाराला आलेले लोक काही न बोलता बाजूला सरून वाट देत होते. मी पिशवी घेऊन मागून पळत होतो. "याना हात धू, कंपाउंडर," ती दारातच म्हणाली आणि पोलिसांची वाट बघत पायरीवर बसली. मी हात धुतला. चार बोटं गेली. मला त्याची कीव आली नाही. कंपाउंडरला यायला हवी, पण आली नाही.

खटला दोन महिन्यांनी उभा राहिला. एका तरुण वकिलानं तिचं काम हाती घेतलं आणि तिला पढवलं की नवऱ्याचा हात पाहून डोकं फिरलं, भान राहिलं नाही, एवढंच सांगायचं. मॅजिस्ट्रेट सौम्य होते. मीही साक्षीत शपथेवर सांगितलं की बाई त्या वेळी वेड्यासारखी झाली होती. सगळं ठीक चाललं होतं. मग दौलतच्या वकिलानं उठून म्हटलं की या बाईनं पहिल्यापासून माणूस मारायचाच बेत केला. पहिली पट्टी खोटी दिली, दुसरीही खोटीच दिली, दैव म्हणून अशील वाचला.

रुखमाबाई तोवर खाली बघत उभी होती. ती कठड्याला अशी धडकली की कठडा हलला. "पहिली खोटी व्हती," ती म्हणाली. "ती चूक मन्ही. दुसरी खोटी नही. बाहेर उभी शे फटफटी. उघाडा. देखा."

आमच्या वकिलानं तिला बसायच्या खुणा केल्या. तिनं पाहिल्या नाहीत. फटफटी आता ठेकेदाराचा मुलगा वापरत होता आणि तीच घेऊन तो कचेरीत आला होता. मॅजिस्ट्रेटांनाही कुतूहल वाटलं असावं. आवारात नेऊन डबा उघडवला. दोन महिने डोंगरात धावलेली चेन कडीन्‌कडी शाबूत, आणि लाकडाची पट्टी तेलानं काळी, गुळगुळीत, घळ केसाएवढीच. मॅजिस्ट्रेटांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, पट्टी उत्तम आहे. रुखमाबाईच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे समाधान पाहिलं ते मी कधी विसरणार नाही.

परत आत आल्यावर दौलतच्या वकिलानं शांतपणे विचारलं, "म्हणजे बाई, पट्टी नीट बसवली, चढणीवर दोनदा पाठवून तपासली, स्क्रू आवळले, हात पुसले आणि मग घण उचलला. डोकं फिरलेला माणूस असं करतो?"

आमचा वकील खोकला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, गप्प राहा, बाई, एवढं एकदा गप्प राहा.

"मन्हं डोकं जागावर व्हतं," ती म्हणाली. "कंपाउंडर खोटं बोली गया. हातमधलं काम अर्धं टाकीसन कोन उठस?"

मॅजिस्ट्रेटांनी चष्मा काढला, पुसला आणि लिहायला सुरुवात केली. तीन वर्षं सक्तमजुरी. पट्टीसाठी तोंड उघडलं नसतं तर सहा महिन्यांत सुटली असती, असं वकील बाहेर आल्यावर म्हणाला. तो चिडला होता आणि मला त्याचा राग आला, कारण मीही त्याच्याइतकाच चिडलो होतो आणि त्या बाईपुढे दुसऱ्यांदा तोंडघशी पडलो होतो.

तिला मी शेवटचं पाहिलं ते कचेरीपुढच्या रस्त्यावर. दोंडाईच्याची मोटार उभी होती, तिथून रेल्वेनं धुळ्याच्या तुरुंगात न्यायचं होतं. कमरेला दोर, दोराचं टोक शिपायाच्या हातात. ठेकेदाराच्या मुलानं आवारात फटफटी चालू केली आणि तो आमच्या अंगावरूनच गेला. रुखमाबाईनं शिपायाला हातानं थांबवलं, मान वाकडी करून आवाज लोणखेड्याच्या वाटेला लागेपर्यंत ऐकला आणि मग पाऊल उचललं. भिका तिच्यापुढे उभा होता. गुंडाळलेला हात छातीशी धरून तो पोरासारखा रडत होता.

"रडू नको," ती म्हणाली. "डावा हात शे ना. घण आते तू घाल."

"आन सांडशी कोन धरी?" त्यानं विचारलं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. सोबतच्या गाड्यांवरचे तिचे भाऊबंद कामासाठी डोंगरातल्या पाड्यांकडे निघून गेले होते. रस्त्यावर बघ्यांची गर्दी होती आणि गर्दीच्या पुढे मी होतो. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"हाऊ धरी. याना तोंडले खोटं बोलानी खोड शे. हात बरा शे."

शिपायानं दोर ओढला. ती पायरी चढून आत बसली आणि मोटार सुटली. पुढच्या रविवारी मी दवाखान्याचा पांढरा कोट घरी ठेवला आणि गोमाईच्या काठी सांडशी धरायला गेलो.